दादा ३१ वर्षांचा आहे. मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक माणसांसाठी पुण्यात कुठे काय आहे?

वनाज_ते_रामवाडी

नमस्कार. बरेच महिने इथं नुसती वाचतेय, लिहिण्याची पहिलीच वेळ. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा दादा ३१ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक. मी त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी. कोथरूडला आई, दादा आणि मी राहतो. बाबा पाटबंधारे खात्यात होते, २०२३ च्या मे महिन्यात गेले. दादाचं सगळं बाबा बघायचे. दाढी, नखं, दातांचा डॉक्टर, बँक, आणि रोज संध्याकाळी त्याला घेऊन बाहेर पडणं. आता आईचे दोन्ही गुडघे गेलेत आणि मी सकाळी साडेआठला घर सोडते ती रात्री आठला परत.

दादाची विशेष शाळा अठराव्या वर्षी संपली. पुढची दोन वर्षं तो एका ठिकाणी कागदी पिशव्या करायला जायचा. ते बंद पडलं. तेव्हापासून अकरा वर्षं तो घरीच आहे.

तो कसा आहे हे सांगितल्याशिवाय कुणी काही सुचवू शकणार नाही, म्हणून सांगते. बोलतो, पण कमी, आणि स्वतःची वाक्यं फारशी नसतात. बाबा त्याला दर रविवारी मेट्रोने न्यायचे. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे सुरू झाली तेव्हापासूनचा नेम होता. सगळी स्टेशनं त्याला ओळीने पाठ आहेत: वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप… पार रामवाडीपर्यंत. (रुबी हॉलपर्यंतचा टप्पा सुरू झाला तो १ ऑगस्ट २०२३ ला. तो बघायला बाबा नव्हते.) लग्नात, बँकेत, कुठेही आवाज सहन झाला नाही की दादा उठून उभा राहतो आणि म्हणतो, "दरवाजे डाव्या बाजूस उघडतील." म्हणजे मला आत्ता इथून बाहेर जायचंय. हे आम्हा तिघांना कळायचं, आता दोघींना कळतं.

मेथी फार सुंदर निवडतो. वर्तमानपत्र पसरून एकेक पान खुडतो आणि काड्या एका दिशेला, जाड टोकं सगळी डावीकडे, अशा लावून ठेवतो. एक जुडी तासभर चालते. मध्येच कुणी काड्या उचलल्या तर मात्र दिवस गेला. कुकरची शिट्टी चालत नाही, शिट्टीच्या आधी आई त्याला बाल्कनीत पाठवते. गेल्या वर्षी विसर्जनाच्या रात्री खालून ढोल-ताशा गेला तेव्हा त्याने स्वतःच्या मनगटाला इतकं कडकडून चावून घेतलं की टाके पडले.

गेल्या दोन महिन्यांत मी अकरा ठिकाणी फोन केले. पहिला प्रश्न एकच असतो, "मुलाचं वय काय?" एकतीस म्हटलं की पलीकडे एकदम शांतता. एका ठिकाणी म्हणाले, घेऊन या, बघू. गेलो. भिंतीवर फुलपाखरं, खोलीत बालवाडीच्या खुर्च्या. माझा सहा फुटी दादा त्यातल्या एका खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसला. तिथल्या मॅडमनी त्याच्यापुढे दांड्यात घालायच्या रंगीत रिंगा ठेवल्या. त्याने रिंगांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. आम्ही परत आलो. रिक्षात मी रडले, तो नाही.

तर माझे प्रश्न. दिवसाचे दोन-चार तास त्याला जाता येईल अशी जागा कोथरूडच्या आसपास किंवा मेट्रोच्या रस्त्यावर आहे का? त्याच्याकडे शाळेत असताना काढलेलं कागदी प्रमाणपत्र आहे, त्यावर "मतिमंद" असं लिहिलंय. ते चालतं का, की नवीन काढावं लागतं? आणि आईनंतर काय, हे कुणाला विचारायचं? आई रात्री झोपत नाही. ती बोलून दाखवत नाही, पण मला माहीत आहे.

गोखलेनगरची_आई

अगं, तुझ्या दादासारखीच माझी लेक, २६ वर्षांची. तिचं अठरा पूर्ण झालं त्या जूनमध्ये मी तुझ्याच जागी होते, म्हणून लगेच लिहायला बसले.

पहिलं म्हणजे फोनवर "ऑटिझम सेंटर आहे का" असं विचारू नकोस. त्या नावाखाली बहुतेक सगळं लहान मुलांचं आहे, स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) वगैरे. मोठ्यांसाठी जे आहे ते वेगळ्या नावांनी चालतं. "प्रौढांची कार्यशाळा" विचार, "संरक्षित कार्यशाळा" विचार, "डे केअर अठरा वर्षांवरील" असं विचार. बौद्धिक अक्षम मुलांच्या जुन्या संस्थांना जोडून कार्यशाळा असतात. आमच्या गोखलेनगरात कामायनी आहे. तिथे ऑटिस्टिक म्हणून वेगळा वर्ग असेलच असं नाही, पण मोठ्या माणसाला काम देण्याची सवय अशा लोकांना असते, बालवाडीच्या खुर्च्या तुला दिसणार नाहीत. ऑटिझमसाठीच काम करणारं म्हणशील तर प्रसन्न ऑटिझम सेंटर पुण्यातलंच आहे, तिथेही जाऊन ये. सध्या मोठ्यांसाठी काय चालू आहे, जागा आहे का, हे समोर बसून विचार. फोनवर "नाही" म्हणणं सोपं असतं. समोर आई आणि बहीण बसली की माणूस आणखी दोन नावं तरी सांगतो. मला माझ्या लेकीची जागा तशीच मिळाली, तिसऱ्या संस्थेतल्या बाईंनी चौथीचं नाव सांगितलं.

आणि जागा बघायला एकटी जा, दादाला पहिल्या खेपेला नेऊ नकोस. अकराच्या सुमाराला जा, काम चालू असताना. किती माणसं एका खोलीत आहेत ते मोज. मिक्सर, शिलाई मशीन, स्पीकर कुठे आहेत ते बघ. कुणाला सहन होईनासं झालं तर त्याला बसायला वेगळी खोली आहे का, हे विचार. शौचालय बघ, आतून कडी कशी आहे ते बघ. लाजू नकोस. आणि तिथे काम करणाऱ्या मोठ्या माणसांशी तिथल्या ताई कशा बोलतात ते कान देऊन ऐक. पस्तीस वर्षांच्या माणसाला "बाळा" म्हणत असतील तर मी माझी लेक तिथे ठेवणार नाही.

पहिल्या दिवशी पूर्ण वेळ नाही. आम्ही अर्ध्या तासापासून सुरू केलं आणि चार तासांवर यायला पाच महिने लागले. पाच महिने. कुणी आठवड्यात जमवून दाखवतो म्हणालं तर घाई करणारी माणसं आहेत असं समज.

कायम राहण्याच्या सोयीबद्दल तू विचारलं नाहीस, पण आईच्या डोक्यात तेच असणार. मुळशी तालुक्यात कोळवणला साधना व्हिलेज आहे, बौद्धिक अक्षम प्रौढ तिथे घरासारखे राहतात. १९९४ पासून चालू आहे. आत्ताच ठेवायचं म्हणून नाही, एकदा आईला घेऊन बघून ये. मी बघून आले आणि त्या रात्री मला झोप लागली. अशी जागा असू शकते हे डोळ्यांनी बघणं वेगळं असतं गं.

आईचं मन फारच दाटून आलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी एकदा पहाटे तीनला लावला होता.

निवृत्त_कोषागार

ताई, मी कोषागारात ३४ वर्षं काढली. कागदांपुरतं सांगतो.

तुमच्या बंधूंच्या जुन्या प्रमाणपत्रावर "मतिमंद" का लिहिलंय, तर १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि ऑटिझम त्यात नव्हता. डॉक्टरांना जवळचा रकाना भरण्यावाचून इलाज नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार झाले, त्यात ऑटिझम स्वतंत्र आला. तेव्हा नवीन प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) काढाच. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. पुण्यात ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय. ऑटिझमसाठी "इसा" नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात, चाळीस मुद्दे असतात, त्यावरून टक्केवारी निघते. बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. मुद्द्यांची उत्तरं घरच्या माणसाकडून घेतात, म्हणून आईला सोबत न्या, आणि लहानपणाचे जे कागद असतील ते न्या: शाळेचे अहवाल, जुने केसपेपर, प्रगतिपुस्तकं. मोठ्या माणसाच्या बाबतीत लहानपणी कसा होता हे विचारतातच. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाच्या वेळी एका कार्यालयात "चालतोय की चांगला, मग दिव्यांग कसा?" असं तोंडावर विचारलं गेलं. तसं झालं तर वाद घालू नका, अधिनियमाच्या परिशिष्टाची प्रत पिशवीत ठेवा आणि पुढे करा.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हे जवळजवळ कुणीच वेळेत करत नाही. वडील राज्य सरकारी कर्मचारी होते. आईंना कुटुंब निवृत्तिवेतन चालू असेल. आईंनंतर ते बंद होतं असा समज आहे. स्वतःचा उदरनिर्वाह करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते हयातभर मिळू शकतं, वयाची अट त्याला आड येत नाही. फक्त आईंच्या हयातीतच बंधूंचं नाव निवृत्तिवेतनाच्या कागदांत लावून घ्या. वडिलांच्या शेवटच्या कार्यालयात आईंनी अर्ज करायचा, सोबत जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दर्जाचं प्रमाणपत्र. तिथून प्रस्ताव महालेखापालांकडे जातो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मी माझ्या खिडकीवर अशी भावंडं पाहिली आहेत, आई गेल्यावर सहा-सहा वर्षं खेटे घालणारी. नियम त्यांच्या बाजूने होता, कागद वेळेत झाला नव्हता एवढंच.

दुसरं, पालकत्व. अठरा वर्षांनंतर आई कायद्याने आपोआप पालक राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांतल्या प्रौढांसाठी पालक नेमते. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही, थेरपीचा खर्चही मर्यादेत मिळतो. विम्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं, नूतनीकरण फेब्रुवारीतच लक्षात ठेवा.

तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल आणि बंधू तुमच्यावर अवलंबून असतील तर तुम्हालाही ७५ हजारांची वजावट आहे, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. ऑटिझमसाठी प्राप्तिकर खात्याच्या ठरावीक नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे. कुठे अडलं तर लेखी तक्रार तिथे द्यायची. तोंडी नाही, लेखी.

शांत_खोली

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. वय ३६, निदान ३३ व्या वर्षी झालं. खराडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. तुमच्या दादांचं आयुष्य आणि माझं वेगळं आहे हे मला कळतं, मी एकटी राहते आणि पगार मिळवते. पण ढोल-ताशाचं वाचलं तेव्हा माझा हात आपोआप मनगटावर गेला. मी दरवर्षी विसर्जनाला दोन दिवस भोरला मावशीकडे जाते. जाता येत असेल तर तुम्हीही जा. नाही जमलं तर कानावर बसणारे जाड इअरमफ, कारखान्यात मशीनवर काम करणारी माणसं घालतात ते. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. आजच आणा, रोज घरात पाच मिनिटं घालू द्या. ऐन मिरवणुकीच्या रात्री नवीन वस्तू डोक्यावर चढवली तर तीच त्रास देते.

दोन गोष्टींबद्दल मला मनापासून बोलायचंय.

एक म्हणजे "दरवाजे डाव्या बाजूस उघडतील". हे बोलणंच आहे. त्यात म्हणणारा आहे, अर्थ आहे, ऐकणाऱ्याने काय करायचं तेही आहे. जिथे जाल तिथे एक कागद न्या, एकच पान, मोठ्या अक्षरात. दादा हे म्हणाले की त्याचा अर्थ हा आणि तुम्ही हे करायचं, अशी त्यांची सगळी वाक्यं. कुकरचं लिहा. मेथीच्या काड्या उचलायच्या नाहीत हे लिहा. मी ऑफिसात स्वतःसाठी असं पान दिलंय: सूचना तोंडी नको, मेलवर द्या, मीटिंगची वेळ बदलली तर आदल्या दिवशी सांगा, मी बोलताना डोळ्यांत पाहत नाही, तरी ऐकत असते. चार वर्षांत नोकरी टिकली ती त्या पानामुळे. आणि ते पान आधी दादांना वाचून दाखवा. काही चुकलं असेल तर ते कळवतील, त्यांच्या पद्धतीने.

दुसरं पालकत्वाचं. काकांनी सांगितलेलं सगळं उपयोगाचं आहे, मी जपून ठेवलंय. पण पालक नेमणं म्हणजे त्या माणसाच्या सहीची किंमत जाणं. २०१६ च्या कायद्याच्या १३ व्या कलमात दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता मानली आहे आणि १४ व्या कलमात मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून. पेन्शनसाठी लागत असेल तर घ्या. पण दादांनी सकाळी कुठे जायचं, कुठला शर्ट घालायचा, कुणाबरोबर राहायचं, हे त्या कागदाने ठरत नाही. मी हे भांडायला लिहीत नाही. माझं निदान झालं तेव्हा डॉक्टर माझ्यासमोर माझ्या आईला विचारत होते, "हिला समजतं का?" मी तेहतीस वर्षांची होते.

आणि एक विनंती. ऑटिस्टिक माणसांना मराठीत "स्वमग्न" म्हणतात, तो शब्द शक्य तिथे टाळा. तो ऐकला की वाटतं आम्ही स्वतःतच बुडालेलो असतो, बाहेरचं काही पोहोचत नाही. माझी अडचण बरोबर उलटी आहे. बाहेरचं सगळं एकाच वेळी, एकाच आवाजात आत येतं.

निवृत्त_कोषागार

१४ व्या कलमाचं माझ्या ध्यानात नव्हतं. ताईंचं म्हणणं रास्त आहे. समितीपुढे जाताना पेन्शन आणि बँक एवढ्यापुरतीच गरज आहे असं अर्जातच स्पष्ट लिहा.

हिंगणे_खुर्द

माझा भाऊ २३ चा, हीच परिस्थिती. भावंडांचा गट आहे का कुठे? आईबाबांचे गट दिसतात, मुंबईत फोरम फॉर ऑटिझम आहे पालकांचा, पण आपल्यासारख्या बहीण-भावांचं कुठे दिसत नाही.

वनाज_ते_रामवाडी

सात आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांना एकदम उत्तर देते, माफ करा.

काकू, तुम्ही सांगितलंत तसं एकटी जाऊन चार जागा पाहिल्या. दोन ठिकाणी जागा नव्हती. एका ठिकाणी सगळ्यांना "बाळा" चाललं होतं, तिथून लगेच निघाले. चौथी एक छोटी कार्यशाळा आहे, बारा माणसं, पणत्या रंगवतात आणि मसाल्याची पाकिटं भरतात. मसाला दळण्याचं मशीन मागच्या खोलीत आहे आणि ते दुपारी एकनंतरच चालू करतात. शौचालयाची कडी ठीक आहे.

ताई, पान लिहिलं. दादाला वाचून दाखवलं तेव्हा "दादाला चहात दोन चमचे साखर लागते" या ओळीवर त्याने बोट ठेवलं आणि ते उचलेचना. मला कळेना. शेवटी आई म्हणाली, अगं, दोन चमचे बाबांना लागायचे. तीन वर्षं आम्ही त्याला बाबांचा चहा देत होतो. आता एक चमचा.

पहिल्या दिवशी तो दारातच थांबला, वीस मिनिटं. तिथल्या ताईंनी ओढलं नाही, बोलावलंही नाही, पाकिटांचा एक गठ्ठा दारापाशी आणून ठेवला. तिसऱ्या दिवशी आत बसला. पाचव्या दिवशी कुणाच्या तरी हातून स्टीलची परात पडली आणि हा उठून म्हणाला, "दरवाजे डाव्या बाजूस उघडतील." त्या ताई उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. दार उजवीकडे आहे, पण ते त्याला चाललं. दहा मिनिटं बाहेर पिंपळाखाली उभा राहिला आणि स्वतःहून परत आला. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेदहा ते साडेबारा. पाकिटं भरून झाली की छापील बाजू वर, तोंडं डावीकडे, अशी रचतो. पॅकिंगवाल्यांना ते फार सोयीचं पडतं म्हणे. नेण्या-आणण्याची अडचण आहे, सध्या शेजारचे काका नेतात, त्यांना कायम सांगता येणार नाही.

इअरमफ आणले. घरात घालून बसतो, कुकर झाला की स्वतः काढतो. बाल्कनीत जात नाही आता.

काका, बाबांच्या ऑफिसात अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. युडीआयडीचा फॉर्म भरला, ससूनची तारीख पुढच्या बुधवारची आहे. आईने ट्रंकेतून दादाचं बालवाडीचं प्रगतिपुस्तक शोधून काढलंय. शेऱ्याच्या जागी त्याच्या बाईंनी लिहिलंय, "शांत मुलगा. घंटा झाली की कान झाकतो." आई ते पुन्हा पुन्हा उघडून बघते.

हिंगणे खुर्द, भावंडांचा गट मलाही सापडला नाही. कार्यशाळेतल्या आणखी दोघांच्या बहिणी भेटल्या, एक वारज्याची, एक कर्वेनगरची. पहिल्या रविवारी सकाळी नऊला नळ स्टॉप मेट्रो स्टेशनखाली भेटायचं ठरतंय. दादाही येणार, त्याला मेट्रोने पुढे रामवाडीपर्यंत जायचंय. तू येशील का? भावाला आणलंस तरी चालेल, नऊ वाजता गर्दी नसते.

बुधवारी ससूनला कुणाचा अनुभव असेल तर सांगा: किती वाजता पोहोचलं की गर्दी कमी असते, आणि थांबायला जरा शांत जागा कुठे मिळेल?